पात्र घर सोडून पळतंय? कथेतल्या या चुका टाळा

दादरला आम्ही काहीजण महिन्यातून एकदा नव्या कथा वाचायला बसतो. दर खेपेला निदान दोन कथांत कुणीतरी घरातून निघालेलं असतं. मला अशा कथा मनापासून आवडतात, म्हणूनच त्या फसल्या की जीव हळहळतो. फसतात बहुतेक एकाच जागी. पात्राला का पळायचंय यावर चार पानं खर्च होतात, आणि आजवर ते का पळालं नाही यावर एक ओळही नसते.

‘परिस्थितीने ती पिचली होती’ हे वाक्य आधी खोडा. मुंबईतल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे सहाजण झोपलेत. तिची पिशवी पोटमाळ्यावर, शिडी लावायची जागा सासऱ्यांच्या उशाशी, आणि त्यांना खोकल्याने झोप नाही. ती शिडीला हात लावते. अंधारातून आवाज येतो, ‘पोरी, जरा पाणी देतेस?’ ती देते. पेला परत करताना ते म्हणतात, ‘नीज गं आता, पहाटे पाणी भरायचंय.’ कथा इथे सुरू झाली. सासऱ्यांना खलनायक केलंत की तिचं निघणं सोपं होतं, म्हणून तो मोह आवराच.

दुसरी चूक वेळेची. रात्री अडीचला नायिकेला लोकलमध्ये चढवणारे अजून भेटतात. रात्री साधारण एक ते चार लोकल बंद असतात. ही चूक सापडली की नुसतं घड्याळ बदलून मोकळे होऊ नका. तिला तो दीड तास स्टेशनाबाहेर बसू द्या. नळाला पाणी यायच्या आत परतली तर घरात कुणाला कळणारही नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तुमची अख्खी कथा त्या दीड तासात मावेल.

काळही तपासा. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकलाय. त्याचा मुलगा आजच्या कथेत कॉलेजात कसा असेल? आणि आजची चाळ लिहिताय तर पुनर्विकास विसरू नका. बीडीडीवाल्यांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागलीत. त्या घरावरचा हक्क जाऊ नये म्हणून न पटणाऱ्या भावासोबत एकाच खोलीत राहणारा माणूस मला तरी कुठल्याही साखळदंडापेक्षा खरा वाटतो.

पैसे कुठून आले, भिशी कधी लागली, खोलीचं डिपॉझिट कुणी भरलं, हे एका ओळीत येऊन जाऊ दे.

शेवट अडला की अपघात, लॉटरी किंवा परदेशातला मामा आणू नका. मागे राहिलेल्या माणसाकडे जा. पहाटे सासरे उठतात. शिडी पोटमाळ्याला टेकलेलीच आहे. बाकीचे जागे व्हायच्या आत ते ती उचलतात आणि नेहमीच्या जागी भिंतीशी उभी करून ठेवतात.