उबंटू डेस्कटॉप टाकू की सर्व्हर? कोडिंगसाठी मशीन लावणाऱ्यांसाठी

कोडिंगसाठी मशीन लावायचंय, उबंटूच्या साईटवर गेलात, तिथे डेस्कटॉप आणि सर्व्हर अशा दोन आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाईली) दिसल्या आणि गाडी तिथेच अडली, हे खूप जणांचं होतं. आधी एवढं डोक्यात घ्या की दोन्ही आतून एकच आहेत. एपीटी, म्हणजे उबंटूचं सॉफ्टवेअर टाकायचं टूल, पॅकेजेस जिथून ओढतं ती रेपॉझिटरी (सॉफ्टवेअरचा साठा) दोघांची सेम, म्हणजे पायथन, नोड, पोस्टग्रेस, डॉकर जे काही लागेल ते दोन्हीकडे सारखंच बसतं. सर्व्हरसाठी वेगळा कर्नल (सिस्टमचा गाभा) असायचा तो जमाना 12.04 या व्हर्जनला संपला. त्यामुळे 'सर्व्हर टाकला की कोड फास्ट चालतो' असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या.

फरक कशात, तर इन्स्टॉल झाल्यावर समोर काय येतं त्यात. डेस्कटॉपवर ग्नोम (खिडक्या-आयकॉनवाली स्क्रीन), ब्राउझर, वाय-फाय सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर सगळं तयार. सर्व्हरवर काळी स्क्रीन आणि लॉगिन, बास. पण ओपनएसएसएच (दुसऱ्या मशीनवरून यात लॉगिन करायची सोय) हवंय का हे सर्व्हरचा इन्स्टॉलर स्वतःच विचारतो, डेस्कटॉपवर ते नंतर आपण टाकायचं.

म्हणून मी एकच प्रश्न विचारायला सांगतो, या मशीनसमोर तुम्ही स्वतः बसणार आहात का? बसणार असाल तर डेस्कटॉप, डोळे झाकून. लॅपटॉपवर सर्व्हर टाकलात तर घरचं वाय-फाय, ऑफिसचं वाय-फाय, प्रत्येक वेळी नेटप्लॅनची (सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगची) यॅमल फाईल हाताने एडिट करत बसाल आणि त्यात एक स्पेस इकडची तिकडे झाली की नेट बोंबललं. शिवाय एलटीएस (लांब सपोर्टवाल्या व्हर्जनच्या) डेस्कटॉपला नवे कर्नल आपोआप मिळत जातात, 24.04 सुरू झालं 6.8 कर्नलवर आणि 24.04.2 च्या आयएसओत 6.11 आला, सर्व्हर मात्र तुम्ही मुद्दाम नव्या कर्नलचा पर्याय निवडला नाहीत तर 6.8 वरच राहतो. नव्या लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डला किंवा ग्राफिक्सला याने खरंच फरक पडतो.

मशीन कोपऱ्यात पडून राहणार असेल, तुम्ही दुसऱ्या लॅपटॉपवरून व्हीएस कोड या एडिटरच्या रिमोट एसएसएचने त्यात घुसणार असाल, तर सर्व्हर टाका. रॅम कमी असेल तर इथे फायदा कळतो, कारण 24.04 डेस्कटॉपला 4 जीबी तरी हवी असं सांगतात, सर्व्हर त्याहून बऱ्याच कमीत निवांत चालतो आणि उरलेली रॅम तुमच्या डेटाबेसला आणि कंटेनरना मिळते.

सर्व्हर टाकताना डिस्कच्या स्क्रीनवर मात्र थांबा, घाईत एंटर मारू नका. तो डीफॉल्टला एलव्हीएम (डिस्कची जागा नंतर कमी-जास्त करता येईल अशी वाटायची पद्धत) लावतो आणि मोठ्या डिस्कवर रूटला, म्हणजे सिस्टमच्या मुख्य भागाला, पूर्ण जागा देतच नाही, बरीचशी तशीच रिकामी ठेवतो. मग डॉकरच्या इमेजेस ओढता ओढता 'नो स्पेस लेफ्ट' येतं आणि माणूस चक्रावतो की 500 जीबीची डिस्क भरली कशी. त्याच स्क्रीनवर उबंटू-एलव्हीचा (रूटच्या त्या भागाचा) साईज वाढवून घ्या. राहून गेलं असेल तरी नंतर एलव्हीएक्स्टेंड कमांडने वाढवता येतं, फक्त डॅश आर द्यायला विसरू नका म्हणजे फाईलसिस्टमसुद्धा सोबतच वाढते.

आणि प्रॉडक्शन, म्हणजे तुमचा कोड शेवटी जिथे चालतो ते मशीन, उबंटू सर्व्हरवर आहे म्हणून लॅपटॉपवरही सर्व्हरच पाहिजे असं काही नाही, जुळायला हवं ते व्हर्जन. तिकडे 22.04 असेल तर इकडे डेस्कटॉपवर मल्टीपास या टूलने 22.04 चं व्हीएम (मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) उभं करा, एका कमांडचं काम आहे, आणि डिप्लॉय करायच्या आधी कोड त्यात चालवून बघा.

एक टाकलं आणि नंतर मन बदललं तर फॉरमॅट मारू नका. सर्व्हरवर उबंटू-डेस्कटॉप-मिनिमल हे पॅकेज टाकलं की ग्नोम येतो, आणि डेस्कटॉपवर सिस्टमसीटीएल कमांडने डीफॉल्ट टार्गेट (बूट झाल्यावर काय सुरू व्हायचं ते) मल्टी-यूजर केलं की पुढच्या बूटला थेट काळी स्क्रीन. जुना लॅपटॉप असा वापरणार असाल तर लॉगइनडी डॉट कॉन्फ या सेटिंग फाईलमध्ये हँडललिडस्विच इग्नोर करून ठेवा, नाहीतर झाकण लावलं की मशीन झोपणार आणि एसएसएच तुटणार.