स्क्रॅपबुकचं पान थरांचं हवं, पण जाड नको

फोटोखाली दोन-तीन कागदांचे थर दिले की पान खुलतं, पण अशी दहा पानं झाली की वही फुगते आणि मिटतच नाही. शिवाय चांगला कागद फोटोखाली झाकून वाया जातो. त्यावर उपाय म्हणजे मधला थर आतून पोकळ कापायचा.

१. फोटो ४ × ६ इंचाचा असेल तर मधला कागद ४.५ × ६.५ आणि सगळ्यात खालचा ५ × ७ इंचाचा घ्या. चारही बाजूंनी पाव-पाव इंच कड दिसते.

२. मधल्या कागदाच्या पोटातून ३ × ५ इंचाचा तुकडा कटरने काढा. फोटो टेकायला अर्धा इंच पट्टी उरते, तेवढी पुरते. निघालेला तुकडा तारीख-मजकुराच्या चिठ्ठीला वापरा. जुन्या लग्नपत्रिकेचा सोनेरी कागद यासाठी फार सुंदर दिसतो, मी तर पत्रिका जपूनच ठेवते.

३. काहीही चिकटवण्याआधी सगळे थर नुसते मांडून मोबाइलवर फोटो काढा. मांडणीतला तिरपेपणा फोटोत लगेच कळतो, आणि नंतर तो बघून तसंच चिकटवता येतं.

४. उठाव हवाच असेल तर फोम टेप फक्त एकाच गोष्टीखाली लावा, एखाद्या फुलाखाली किंवा नावाखाली.

चिकटवायला दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिकच घ्या. पातळ डिंकाने कागद ओला होऊन सुरकुततो. वर्तमानपत्राचं कात्रण फोटोला थेट लागू देऊ नका. तो कागद पिवळा पडतो आणि फोटोही खराब करतो.