वस्ती, गुन्हा आणि स्थलांतर: अमेरिकेत समाजशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

सप्टेंबर उजाडला की पुणे, मुंबई, नागपूरकडच्या एमएच्या मुलामुलींचे ईमेल यायला लागतात. प्रश्न साधारण एकच असतो: “मॅडम, मला गुन्हेगारीवर संशोधन करायचंय. क्रिमिनॉलॉजीत जाऊ की सोशिऑलॉजीत?” दरवेळी घाईघाईत चार ओळींत उत्तर द्यावं लागतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी मुंबई विद्यापीठातून एमए केलं, अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या (उत्तर-मध्य भागातल्या) एका सरकारी विद्यापीठात पीएचडी केली आणि आता इथेच शिकवते. वस्तीपातळीवरचा हिंसाचार, वंश आणि स्थलांतर हा माझा विषय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. पोलीस, कोर्ट, तुरुंग ही यंत्रणा कशी चालते यात तुमचा जीव असेल तर क्रिमिनॉलॉजी घ्या. शहरातल्या एका भागात गोळीबार रोजचा आणि दोन रस्ते ओलांडले की मुलं रात्री नऊपर्यंत बाहेर खेळतात, हे असं का, हा प्रश्न तुम्हाला झोपू देत नसेल तर समाजशास्त्र घ्या. समाजशास्त्राची पीएचडी असली की नोकरीसाठी दोन्हीकडच्या विभागांत अर्ज करता येतो. उलटा प्रवास त्या मानाने अवघड जातो.

या विषयाची सुरुवात बहुतेक जण शिकागोपासून सांगतात. माझ्या मते ती फिलाडेल्फियापासून सांगायला हवी. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस 1896 साली तिथल्या सेव्हन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहायला गेले, घरोघरी जाऊन माहिती गोळा केली आणि 1899 साली ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीयांमधली गुन्हेगारी त्यांनी लपवली नाही. पण तिची मुळं रक्तात नसून गुलामगिरीच्या वारशात, त्यांच्यासाठी बंद असलेल्या नोकऱ्यांत आणि शहरात नव्याने आलेल्यांच्या हालांत आहेत, हे त्यांनी पानोपानी दाखवलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे पुस्तक अभ्यासक्रमात नसेल तरी स्वतःहून वाचा.

मग शिकागो. तिथले समाजशास्त्रज्ञ क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बालन्यायालयाच्या नोंदींतून मुलांच्या घरांचे पत्ते काढून ते शहराच्या नकाशावर टिपले. 1900-06, 1917-23 आणि 1927-33 असे तीन कालखंड त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. मधल्या काळात कारखान्यांलगतच्या त्या वस्त्यांतले लोक बदलत गेले होते. जर्मन आणि आयरिश बाहेर पडले, पोलिश आणि इटालियन आले, पुढे दक्षिणेकडून कृष्णवर्णीय कुटुंबं आली. गुन्ह्यांचं प्रमाण मात्र त्याच वस्त्यांत चढं राहिलं. आणि बाहेर पडलेले लोक चांगल्या भागात स्थिरावले की त्यांच्या मुलांमधलं प्रमाण घसरलं. 1942 साली हे पुस्तकरूपाने आलं. कुठल्या जमातीचे लोक गुन्हे करतात असं विचारणाऱ्याला त्यांचं उत्तर असं, की आधी ते राहतात कुठे ते बघा.

मराठी वाचकाला याचं महत्त्व वेगळं सांगावं लागू नये. 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने माणसांच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. 1952 साली कायदा गेला, तरी पारध्याच्या पालावर पोलीस आजही कसे येतात हे आपल्याला ठाऊक आहे. या पार्श्वभूमीवर शॉ आणि मॅकेचे नकाशे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा अंगावर काटा आला होता. आपल्याकडचा एक धागा तर थेट शिकागोशी जोडलेला आहे. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले, त्यांनी नागपाडा नेबरहूड हाउस उभारलं, आणि 1936 साली त्यांच्याच पुढाकाराने जी संस्था सुरू झाली ती आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

शॉ आणि मॅके यांच्यानंतरचं सगळं इथे सांगत बसत नाही, फक्त जे टाळून चालणार नाही तेवढं. विल्यम ज्युलियस विल्सन यांनी 1987 साली दाखवलं, की कारखाने गेले, ऐपत असलेली कृष्णवर्णीय कुटुंबंही बाहेर पडली आणि मागे उरलेल्या वस्त्यांत गरिबी साचत गेली. त्यानंतर 1995 साली विल्सन आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी मिळून वंश आणि गुन्हा यांच्या नात्याची मांडणीच बदलली. गरीब गोरा आणि गरीब काळा यांची तुलना करताना आपण धरून चालतो की दोघं सारख्याच परिस्थितीत राहतात. प्रत्यक्षात गोऱ्यांच्या वाट्याला येणारी सर्वांत वाईट वस्तीसुद्धा कृष्णवर्णीयांच्या सर्वसाधारण वस्तीपेक्षा बरी असते. मग तुलना करायची कशाची कशाशी? रूथ पीटरसन आणि लॉरेन क्रिव्हो यांनी या प्रश्नासाठी वर्षानुवर्षं खर्ची घातली. शहराशहरातल्या पोलीस खात्यांकडून आकडे मागवत त्यांनी 91 शहरांतल्या साडेनऊ हजारांहून अधिक सेन्सस ट्रॅक्टची, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या वस्तीएवढ्या छोट्या विभागांची, माहिती एकत्र केली. हे काम प्रसिद्धीचं नव्हे, पाठपुराव्याचं असतं. आज माझ्यासारखे कितीतरी जण त्या डेटावर उभे आहेत.

1997 चा सॅम्पसन, रॉडनबुश आणि अर्ल्स यांचा पेपर तर पाठ असायला हवा. शिकागोच्या 343 वस्त्यांमधल्या 8,782 लोकांना त्यांनी साधे प्रश्न विचारले: कोपऱ्यावर मुलं शाळा बुडवून उभी असतील तर शेजारी काही करतील का? इथले लोक एकमेकांवर विश्वास ठेवतात का? जिथे उत्तर होकारार्थी होतं, तिथे गरिबी तेवढीच असूनही हिंसा कमी होती.

आता स्थलांतर. बाहेरून आलेले लोक गुन्हे घेऊन येतात हा समज अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो तपासून खोटा ठरवण्याचं कामही जवळपास तितकंच जुनं. 1931 साली गुन्हे आणि कायद्याच्या अंमलबजावणीच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी विकरशॅम आयोगाने परदेशात जन्मलेल्यांमध्ये गुन्ह्यांचं प्रमाण इथे जन्मलेल्यांपेक्षा कमी असल्याचं नोंदवलं होतं. रामिरो मार्टिनेझ यांनी मायामी, एल पासो, सॅन डिएगो अशा शहरांत पोलिसांच्या खुनाच्या फायली वाचून काढल्या. मेक्सिकोच्या सीमेवरचं, गरीब, स्थलांतरितांनी भरलेलं एल पासो, गरिबी आणि स्थलांतर आलं की गुन्हे वाढतात या जुन्या सिद्धांतानुसार, रक्तबंबाळ असायला हवं होतं. ते देशातल्या सुरक्षित शहरांपैकी एक निघालं. 2005 साली सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोत दाखवलं, की पहिल्या पिढीतला स्थलांतरित हिंसेकडे वळण्याची शक्यता तिसऱ्या पिढीतल्या अमेरिकनापेक्षा 45 टक्क्यांनी कमी असते, दुसऱ्या पिढीत 22 टक्क्यांनी. म्हणजे मुलं ‘अमेरिकन’ होत जातात तसा हा फायदा ओसरतो. 2020 साली मायकल लाइट आणि सहकाऱ्यांनी टेक्सासच्या नोंदी वापरल्या. तिथे अटक झालेल्याचे बोटांचे ठसे केंद्र सरकारकडे पडताळले जातात, त्यामुळे कागदपत्रं नसलेले कोण हे कळतं. त्यांच्या तुलनेत इथे जन्मलेल्या नागरिकांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं.

इतकं असूनही टीव्हीवर, निवडणुकीत, शेजाऱ्यांच्या गप्पांत जुनाच समज चालतो. या विषयात यायचं तर हे आधी पचवा. तुमचा निष्कर्ष कितीही भक्कम असला तरी त्याच्या विरुद्ध बोलणारा तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलणार आहे. म्हणूनच आपल्या कामात एकही सैल टाका चालत नाही, आणि ही शिस्त मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

ती शिस्त म्हणजे नेमकं काय, हे एका उदाहरणावरून दाखवते. शिकागोत लिटिल व्हिलेज नावाची मेक्सिकन वस्ती आहे. नकाशावर तिचं नाव साउथ लॉनडेल. सव्वीसाव्या रस्त्यावरच्या कमानीखालून आत गेलात की पानादेरिया (मेक्सिकन बेकऱ्या), लग्नाच्या कपड्यांची दुकानं, गाडीवर कापलेल्या फळांवर तिखट घालून विकणाऱ्या बायका. याच साउथ लॉनडेलच्या हद्दीत, कॅलिफोर्निया अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, कुक काउंटीचा प्रचंड तुरुंग आहे. अमेरिकेच्या जनगणनेत कैदी जिथे कोंडलेला असतो तिथलाच रहिवासी मोजला जातो. त्यामुळे जनगणनेचा तक्ता उघडला की त्या भागात पुरुष अचानक खूप जास्त दिसतात, कृष्णवर्णीयांचा टक्का फुगतो, कामधंदा नसलेल्यांचाही. पहिल्या सत्रात मी विद्यार्थ्यांना हा तक्ता देते आणि काही न सांगता विचारते, या वस्तीबद्दल लिहा. बरेच जण बेकारी आणि वंशमिश्रण यावर छान परिच्छेद लिहून आणतात. मग आम्ही ‘ग्रुप क्वार्टर्स’चा रकाना उघडतो, म्हणजे वसतिगृहं, वृद्धाश्रम, तुरुंग अशा ठिकाणी राहणाऱ्यांचा, आणि वर्गात शांतता पसरते. तेवढी माणसं बाजूला काढून गणित पुन्हा केलं की वेगळीच वस्ती समोर येते.

गुन्ह्यांचा दर काढताना अंश, म्हणजे गुन्हे, सगळे बघतात; छेद, म्हणजे ते कितीजणांमागे मोजले, कोणी बघत नाही. शहराच्या मध्यावरच्या ऑफिसांच्या भागात राहणारे मूठभर, दिवसा येणारे लाखो. तिथे दर हजार रहिवाशांमागे चोऱ्या काढल्या तर तो भाग नरक वाटेल. शिवाय गुन्ह्याची नोंद झाली तरच तो आकड्यात येतो. हद्दपारीच्या भीतीने जिथे लोक पोलिसांना फोन करत नाहीत, तिथे दरोड्यांचा कमी आकडा बघून खूश होता येत नाही. आम्ही खुनांच्या आकड्यांना इतकं का धरून असतो, तर मृतदेह सहसा नोंदीतून सुटत नाही. आणि खुनांच्या बाबतीतही स्थलांतरितांच्या वस्त्या कमी हिंसक दिसतात, म्हणून तो निष्कर्ष टिकतो.

तयारीचं बोलायचं तर संख्याशास्त्राला घाबरू नका. मी बीएला गणिताच्या जवळपासही नव्हते. पीएचडीची पहिली दोन वर्षं त्यासाठीच असतात. आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिका, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजण्याची पद्धत) पक्कं करा, मग माणूस, वस्ती, शहर अशा एकमेकांत गुंतलेल्या पातळ्यांची मॉडेल्स आणि नकाशांवरचं विश्लेषण. मिशिगन विद्यापीठातल्या आयसीपीएसआर या सामाजिक संशोधनाच्या डेटा-संस्थेचे उन्हाळी वर्ग उत्तम असतात, विभागाकडे त्यासाठी पैसे मागा. स्पॅनिश शिका, निदान समोरच्याचं म्हणणं कळण्याइतकी. आणि तुम्ही आकड्यांचं काम करणार असलात तरी वस्तीत जा. चर्चच्या तळघरात पोलिसांबरोबर होणाऱ्या रहिवाशांच्या बैठकींना मी मागच्या बाकावर बसून असायचे. बाहेरची मंडळी खुनांबद्दल बोलतात, बैठकीत मात्र अर्धा वेळ रस्त्यावरचा बंद दिवा, रिकाम्या घरात शिरणारी पोरं आणि फोन करूनही न येणारी पोलिसांची गाडी यावर जातो. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण त्या बंद दिव्यांमधूनच निघालं.

मात्र माणसांशी बोलायचं तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी लागते, आणि आपल्या विषयात तिला महिने लागतात. कागदपत्रं नसलेल्या माणसाचं नाव, पत्ता, सही, काहीही तुमच्याकडे राहता कामा नये. सरकारकडून गोपनीयतेचं प्रमाणपत्रही मिळवता येतं, ज्यामुळे कोर्टात तुमच्या नोंदी मागितल्या तरी संरक्षण असतं. त्याची चौकशी पहिल्याच महिन्यात करा.

पैसा आणि व्हिसा. फी माफी आणि स्टायपेंड नसलेला पीएचडी प्रवेश घेऊ नका, मग विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो. एनएसएफची (संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेची) मोठी ग्रॅज्युएट फेलोशिप नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळते, त्यामुळे आपल्याला विभागाच्या आणि खासगी संस्थांच्या निधीवर जास्त विसंबावं लागतं. व्हिसाचे नियम हल्ली भराभर बदलतात. सीनियर काय म्हणतात यापेक्षा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं ऐका.

नोकरीच्या जाहिराती ऑगस्टपासून यायला लागतात. तोपर्यंत तुमच्या नावावर निदान एक पेपर हवा, आणि तो छापून यायला किती वेळ लागतो हे पाहता तिसऱ्या वर्षीच काम सुरू झालेलं बरं. समाजशास्त्रज्ञांचं अधिवेशन ऑगस्टमध्ये असतं, क्रिमिनॉलॉजीवाल्यांचं नोव्हेंबरमध्ये. दोन्हीकडे तोंड दाखवा. नोकरी लागली की टेन्युअरसाठी, म्हणजे कायम होण्यासाठी, साधारण सहा वर्षं मिळतात. त्या काळात वर्तमानपत्रं फोन करतात, स्थलांतरावर दोन वाक्यं मागतात. माझं मत विचाराल तर द्यावीत. मात्र तुमच्या संशोधनात आहे तेवढंच बोला. धमकीचे ईमेल येतात, मलाही आले. ते जपून ठेवा, विभागप्रमुखांना लगेच दाखवा आणि एकट्याने सोसत बसू नका.

आपल्याला इथे एक गोष्ट सोपी जाते आणि एक अवघड. सोपी ही, की बाहेरचा असणं काय असतं ते आपण जगत असतो. अवघड ही, की अमेरिकेतले बहुसंख्य भारतीय शिकलेले, व्हिसाच्या चाळणीतून पार होऊन आलेले. कृष्णवर्णीय वस्त्यांबद्दल आपल्याच लोकांच्या दिवाणखान्यात जे बोललं जातं ते ऐकवत नाही. मुंबईत उत्तरेकडून आलेल्या टॅक्सीवाल्याबद्दल जे ऐकलं होतं, त्याचाच सूर इथे मेक्सिकन माणसाबद्दल ऐकू येतो. तिथे गप्प बसू नका. आकडे तुमच्याकडे आहेत.

आता ईमेलबद्दल. बहुतेक विभागांची अर्जाची मुदत डिसेंबरमध्ये असते, तेव्हा प्राध्यापकांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिहा. “मला आपल्या कामात रस आहे” एवढंच लिहू नका. त्यांचा कुठला पेपर वाचला, त्यातली कुठली तुलना तुम्हाला पटली नाही, आणि तुम्ही ती कशी केली असती, एवढं सात-आठ ओळींत लिहा. सोबत सीव्ही जोडा. लेखनाचा नमुना म्हणून एमएच्या प्रबंधाचं एकच प्रकरण घ्या, त्यातला दुसऱ्यांच्या सिद्धांतांचा आढावा निम्म्यावर आणा आणि तुम्ही स्वतः गोळा केलेली माहिती पहिल्या दोन पानांत येऊ द्या. धारावी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, तुमच्या वस्तीवरचं काम चालतं. ते बदलून अमेरिकेवर काहीतरी लिहायची गरज नाही.