ऑलिव्ह ऑईल घ्यायचंय? आधी कुठल्या कामाला ते ठरवा

सुपरमार्केटमध्ये सगळ्या बाटल्यांवर तीच हिरवी फळं आणि तीच इटलीची टेकडी, पण किमतीत दुप्पट-तिप्पट फरक. आणि हा फरक बऱ्याचदा ब्रँडचा नसतो, ग्रेडचा असतो, जी पुढे बारीक अक्षरात कुठेतरी छापलेली असते. तेवढी वाचता आली की अर्धं काम झालं.

सगळ्यात वरची एक्स्ट्रा व्हर्जिन. आपल्याकडच्या लाकडी घाण्याच्या तेलासारखं समजा, फक्त इथे सुकं बी नाही तर ताजं फळ असतं. ऑलिव्ह बियांसकट वाटायचे, लगदा हळूहळू फिरवत ठेवायचा आणि मग मशीनमध्ये गरागरा फिरवून तेल वेगळं काढायचं, बास, केमिकल काही नाही. युरोपात बाटलीवर कोल्ड एक्स्ट्रॅक्शन लिहायचं असेल तर हे सगळं 27 डिग्रीच्या खाली व्हावं लागतं. फ्री ॲसिडिटी, म्हणजे तेलात सुटी झालेली फॅटी ॲसिड्स, जास्तीत जास्त 0.8%, आणि शिवाय ट्रेनिंग घेतलेली माणसं चव घेऊन बघतात, वास-चवीत दोष निघाला की ग्रेड गेली. ही ॲसिडिटी जिभेला लागत नाही बरं का, फळं मार लागलेली किंवा तोडून पडून राहिलेली असली की ती वाढते. व्हर्जिन म्हणजे 2% पर्यंत आणि थोडाफार दोष चालतो, आपल्याकडच्या दुकानांत ते फारसं दिसत नाही. त्याहून खराब तेल दिव्याचं म्हणून ओळखलं जातं, ते रिफाईन केल्याशिवाय खाता येत नाही.

आता नुसतं 'ऑलिव्ह ऑईल', किंवा प्युअर, क्लासिक वगैरे लिहिलेलं असतं ते म्हणजे रिफाईन्ड तेल आणि त्यात रंग-चवीपुरतं थोडं व्हर्जिन. गंमत अशी की निव्वळ रिफाईन्डची ॲसिडिटी 0.3% च्या आत असते, म्हणजे नुसता आकडा कमी बघून खूश होऊ नका, रिफाईन करताना ॲसिडिटीबरोबर वास, चव आणि बरेचसे पॉलिफेनॉल्सही (फळातले अँटिऑक्सिडंट घटक) जातात. लाईट आणि एक्स्ट्रा लाईट पण याच घरातले. लाईट चवीला, कॅलरीला नाही! एका टेबलस्पूनला साधारण 120 कॅलरी, कुठलंही तेल घ्या.

आणि मग पोमेस. तेल काढून झाल्यावर जो चोथा उरतो त्यातलं उरलंसुरलं तेल सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारं केमिकल, घालून काढतात, रिफाईन करतात, थोडं व्हर्जिन मिसळतात. रोजच्या भारतीय स्वयंपाकासाठी म्हणून मोठमोठ्या कॅनमधून खपवलं जातं ते बरेचदा हेच. खायला चालतं, विष नाहीये, मोनोअनसॅच्युरेटेड, म्हणजे चांगलं समजलं जाणारं फॅटही असतं, पण ऑलिव्हचं म्हणून जे कौतुक ऐकतो त्यातलं बरंचसं यात उरलेलं नसतं. माझं मत विचाराल तर त्या पैशात चांगलं शेंगदाणा तेल आणा.

तळणाचं काय, हा प्रश्न येतोच. एक्स्ट्रा व्हर्जिन साधारण 190 ते 210 डिग्रीला धुरावतं आणि भजी तळताना तेल 170-180 च्या आसपास असतं, त्यामुळे तळता येतं, पण कढईभर ओतायचं म्हणजे पैसे जाळणं आहे. हिंग-मोहरीच्या फोडणीतही त्याची चव दबून जाते. म्हणून ते कच्चं किंवा वरून घाला, सॅलड, पास्ता, टोस्ट, भाजलेल्या भाज्या, काकडीची कोशिंबीर. ठेच्यावर मात्र शेंगदाण्याचंच, त्यात कोणी हात घालू नये.

घेताना गडद काचेची बाटली किंवा टिन बघा, आणि बेस्ट बिफोर जितकी लांबची तितकं बरं, हे तेल वाईनसारखं मुरत नाही, जुनं होतं. भूमध्य समुद्राच्या भागात तोडणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारी चालते, हार्वेस्टची तारीख छापलेली असेल तर सोन्याहून पिवळं. नाव इटालियन असलं तरी आतलं तेल स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाचं असू शकतं, मागे लिहिलेलं असतं, त्यात फसवणूक काही नाही, जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह ऑईल स्पेनमध्येच होतं. रंगावर जाऊ नका, चव घेणारे तज्ज्ञ रंग दिसू नये म्हणून मुद्दाम निळ्या काचेचा ग्लास वापरतात. फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे अस्सल, ही टेस्टही सोडून द्या.

घरी आणल्यावर एक चमचाभर वाटीत घ्या, तळहातावर धरून कोमट करा, वास घ्या आणि प्या. हिरवट वास, जिभेवर कडसरपणा आणि घशात ठसका लागला तर माल चांगला, तो ठसका ओलिओकॅन्थल नावाच्या घटकाचा. खवट वास आला तर परत करा. बाटली गॅसशेजारी ठेवू नका, छोटीच घ्या आणि उघडल्यावर दोनेक महिन्यांत संपवा.

आणि हो, मेडिकलमध्ये बाळाच्या मालिशसाठी जो डबा मिळतो तो स्वयंपाकघरात आणण्याआधी लेबल वाचा, खाण्याचं असेल तर त्यावर एफएसएसएआयचा नंबर असतो.