एकाच नावाचे डॉक्टर आणि संशोधक, कोण कुठला ते कसं शोधायचं

मागच्या मे महिन्यात आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका निघाली, त्यात माजी विद्यार्थ्यांचं एक पान होतं, डॉक्टर झालेले, इंजिनीयर झालेले, परदेशात गेलेले. यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी जागा वाचवायला सगळ्यांची मधली नावं उडवली. झालं कल्याण. आमच्या शाळेतून एकाच नावाचे तीन सावंत बाहेर पडलेत, एक बाजारपेठेत दवाखाना चालवणारे बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे डॉक्टर, दुसरे मुंबईत एमडी, तिसरे इंजिनीयर, ज्यांच्या नावावर काजू फोडायच्या मशीनचं पेटंट आहे. ते पेटंट छापून आलं बाजारपेठेतल्या डॉक्टरांच्या फोटोखाली. पुढचे पंधरा दिवस त्यांना काजूवाल्यांचे फोन, डॉक्टर मशीन केवढ्याला देता. ते हसून न्यायचे, तिसऱ्या सावंतांची आई मात्र अजिबात हसली नाही.

मग शुद्धिपत्रक काढायला बसलो तेव्हा जे कळलं ते लिहितोय, कुणाला स्मरणिका, मंडळाचा सत्कार, नाहीतर नुसतं "हा डॉक्टर नेमका कोण" एवढं बघायचं असेल तरी कामाला येईल.

माझी आजी अनोळखी पोराला आधी नाव विचारायचीच नाही. "कोणाचो रे तू? खंयच्या वाडयेतलो?" (कुणाचा तू, कुठल्या वाडीतला) हे दोन प्रश्न झाले की मग नाव. तिचं बरोबरच होतं, सावंत, परब, राणे, नाईक ही आडनावं आमच्याकडे वाडीवाडीला आहेत आणि त्यात पुन्हा पोरांची नावं त्या त्या काळातल्या फॅशनची, म्हणजे एका दशकातले सगळे संजय नाहीतर सचिन. तर पहिलं काम हे, बापाचं नाव मिळवा. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं नाव, अर्धा गुंता तिथेच सुटतो. बायकांच्या बाबतीत जरा जपून, एमबीबीएसची डिग्री माहेरच्या नावावर, दवाखान्याची पाटी सासरच्या नावावर, आणि मधलं नाव आधी बापाचं मग नवऱ्याचं, त्यामुळे एकच बाई दोन वेगळ्या डॉक्टर वाटतात. आनंदीबाई जोशींचंच बघा ना, कल्याणला जन्मल्या १८६५ मध्ये तेव्हा नाव यमुना, लग्नानंतर आनंदी, आणि १८८६ ला फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या त्या आनंदीबाई जोशी. यमुना म्हणून शोधायला गेलात तर त्यांची डिग्री कुठे सापडणार.

दुसरं, इंग्रजी स्पेलिंग. सरकारी साइटवर सगळं इंग्रजीत टाकावं लागतं आणि सावंत कुणी डब्ल्यूने लिहितं कुणी व्हीने, शिवाय काही ठिकाणी आडनाव आधी तर काही ठिकाणी शेवटी. एका स्पेलिंगने नाही मिळालं म्हणून माणूसच नाही असं धरू नका, सगळी उलटीपालटी करून बघा. कंटाळा येतो, पण दुसरा इलाज नाही.

आता "डॉक्टर" या शब्दाचं. याच्यात सगळ्यात जास्त लोक फसतात. दापोलीला कृषी विद्यापीठाच्या आवारात चहाच्या टपरीवर उभे राहिलात तर आजूबाजूला सगळे डॉक्टरच, पण कुणी आंब्याचा, कुणी नारळाचा, कुणी मातीचा. ते पीएचडी. ताप आला तर त्यांचा काही उपयोग नाही. तिसरा प्रकार मानद डॉक्टरेटचा, कुठल्यातरी विद्यापीठाने सन्मान म्हणून दिलेली. म्हणून नावापुढे डॉ. दिसलं की पहिला प्रश्न, कसले डॉक्टर.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे, मुरूडचे कर्वे. दापोलीजवळचं मुरूड हो, जंजिऱ्याचं नव्हे (बघा, गावांच्या नावातही तीच बोंब). नुसतं "डॉ. कर्वे" म्हटलं तर कोण धरायचे? धोंडो केशव कर्वे, म्हणजे महर्षी, ते गणिताचे प्राध्यापक, त्यांना विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या आणि १९५८ ला भारतरत्न मिळालं. त्यांचा मुलगा रघुनाथ धोंडो, ज्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यामुळे पुष्कळ लोकांना खात्रीच असते की ते डॉक्टर होते, आणि ते होते गणिताचेच प्राध्यापक! आणखी एक चिरंजीव दिनकर धोंडो, केमिस्ट्रीचे डॉक्टर. त्यांची बायको इरावती कर्वे, मानववंशशास्त्रातली जर्मनीची पीएचडी. आणि या दोघांचा मुलगा आनंद कर्वे, वनस्पतीशास्त्रातले पीएचडी, ज्यांच्या संस्थेच्या घरगुती बायोगॅस संयंत्राला २००६ ला ॲशडेन हा पर्यावरणपूरक ऊर्जेचा पुरस्कार मिळाला. एकाच घरात इतके, आणि यातला एकही स्टेथोस्कोपवाला नाही. आता सांगा, "डॉ. कर्वे यांनी शोध लावला" असं कुणी लिहून दिलं तर तुम्ही कुणाचा फोटो लावाल.

बरं, खऱ्या औषध देणाऱ्या डॉक्टरांचं शोधणं तसं सोपं आहे, कारण त्यांना नंबर असतो. २००२ च्या नियमावलीप्रमाणे ॲलोपॅथीच्या डॉक्टरने रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावायचा असतो आणि प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट, पैशाची पावती या सगळ्यावर छापायचा असतो. घरातली औषधाची जुनी चिठ्ठी काढा, कोपऱ्यात बारीक अक्षरात असतोच. तो घेऊन नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये जायचं. नंबर टाकताना राज्य पण निवडा, कारण नंबर राज्याच्या कौन्सिलचा असतो आणि तोच आकडा दुसऱ्या राज्यात भलत्याच माणसाचा असू शकतो. तिथे नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, डिग्री, विद्यापीठ, कुठल्या वर्षी पास, हे सगळं दिसतं. आजीचा "कोणाचो" तिथेच मिळतो. पासचं वर्ष फार कामाचं, दहावी ज्या वर्षी झाली त्यात सात-आठ वर्षं मिळवली की साधारण एमबीबीएसचं वर्ष येतं, त्यापेक्षा दहा-पंधरा वर्षं इकडेतिकडे असेल तर तो तुमचा माणूस बहुतेक नाहीच.

मी इथे एक मूर्खपणा केला तो तुम्ही करू नका. बाजारपेठेतल्या सावंतांचं नाव त्या रजिस्टरमध्ये मिळेना, मी घाबरलो, म्हटलं अरे हे डॉक्टर आहेत ना नक्की, चाळीस वर्षं आमच्या घरचे त्यांच्याकडे जातात. मग मुलीने सांगितलं बाबा ते रजिस्टर फक्त ॲलोपॅथीचं आहे. बीएएमएसवाले महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीवाले त्यांच्या वेगळ्या कौन्सिलकडे, दातांचे महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलकडे. चुकीच्या वहीत नाव शोधून माणसाला बोगस ठरवायचं पाप होता होता राहिलं. मुंबईवाले एमडी मात्र लगेच मिळाले, त्यांचं राज्याचं कौन्सिल म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, तिथे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणजे प्रॅक्टिस चालू आहे की नाही याचाही अंदाज येतो.

जुन्या पाट्यांवर एलसीपीएस, एलएम अँड एस असं काहीबाही दिसतं ते खोटं नाही, त्या मुंबई इलाख्यातल्या जुन्या काळच्या खऱ्याखुऱ्या पदव्या. आरएमपी ही मात्र पदवी नव्हे, त्याचा अर्थ नुसता नोंदणीकृत व्यवसायी, तेव्हा "आरएमपी झाले" असं स्मरणिकेत लिहू नका.

आता शोध लावणाऱ्यांकडे वळू, हा भाग जरा किचकट आहे. आपल्याकडे "संशोधक" म्हणजे कुणीही, पीएचडी करणारा पण आणि मशीन बनवणारा पण. पेटंट आहे असं कुणी म्हणालं की नंबर मागा. नंबर नसेल तर भारतीय पेटंट ऑफिसची इनपास म्हणून फुकटची शोधायची सोय आहे, तिथे इन्व्हेंटरचं नाव टाकून बघायचं, आणि वर पब्लिश्ड आणि ग्रँटेड असे दोन चौकोन असतात ते दोन्ही टिक करायचे. अर्जात इन्व्हेंटरचा पत्ता असतो, म्हणजे "खंयच्या वाडयेतलो" याचं उत्तर. अर्जदार आणि इन्व्हेंटर यात गल्लत करू नका, अर्जदार कंपनी किंवा कॉलेज असू शकतं, इन्व्हेंटर माणूसच लागतो. गावात कॉलर ताठ करून फिरणारा अर्जदार असतो आणि डोकं दुसऱ्याच कुणाचं असतं, असंही होतं.

नंबरात पण माहिती लपलेली असते. २०१६ पासूनचे अर्ज बारा आकडी आहेत, पहिले चार म्हणजे वर्ष, पाचवा म्हणजे ऑफिस, १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईत येतात. आमचे इंजिनीयर सावंत नोकरीला बंगळूरला, तेव्हा त्यांच्या अर्जात पाचवा आकडा ४, आणि त्याच नावाचा दुसरा एक अर्ज सापडला त्यात २, तो बाबा पुण्याचा निघाला, गाडीच्या ब्रेकचं काहीतरी होतं. म्हणजे सावंत तीन नव्हे चार!

आणि पेपरातल्या "पेटंट मिळालं" या बातमीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अर्ज केला की साधारण अठरा महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, प्रसिद्ध होणं म्हणजे मिळणं नव्हे. मग तपासणी, हरकती, उत्तरं, आणि शेवटी मिळालं तर मिळालं, नाहीतर नाकारलं. मिळालं तरी अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, तेही फी भरत राहिलं तर. बऱ्याच जणांकडे पेटंट नसून डिझाइन रजिस्ट्रेशन असतं, ते वस्तू दिसते कशी याचं असतं, चालते कशी याचं नाही. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असलं तरी आधी वाचून बघा.

आंबेवाल्यांसाठी वेगळं. "रत्ना" आंबा १९८१ चा, नीलम आणि हापूसचा संकर, मग १९९२ ला त्याच रत्नापासून "सिंधू", दोन्ही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातले. हे काढणाऱ्यांची नावं पेटंटच्या यादीत शोधत बसलात तर जन्म जाईल, कारण भारतात झाडाच्या जातीला पेटंट मिळतच नाही, त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. अशा माणसांसाठी विद्यापीठाचे अहवाल आणि त्यांचे शोधनिबंध बघायचे. पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या साइटवर मिळू शकतो, पहिल्या पानांवर पूर्ण नाव आणि मार्गदर्शकाचं नाव असतं.

त्याच स्मरणिकेत दहावीच्या पोरांचं विज्ञानाचं पान होतं, तिथे आणखी एक मजा. पोरांनी लिहिलं की डाव्या हाताचा नियम सांगणाऱ्या फ्लेमिंगनेच पेनिसिलिन शोधलं. नियमवाले जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग, लंडनला इलेक्ट्रिकल इंजिनीयरिंगचे प्राध्यापक, १९०४ चा, जुन्या रेडिओत असायचा तो व्हॉल्व्ह त्यांचा. पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग, डॉक्टर, १९२८. दोघेही "सर", म्हणून आणखी गोंधळ. देवनागरीत तर अजून मजा, थॉमस ॲडिसन आणि थॉमस एडिसन, एका अक्षराचा फरक. पहिले लंडनचे डॉक्टर, १८५५ मध्ये त्यांनी वर्णन केलेला ग्रंथींचा आजार आजही ॲडिसनचा आजार म्हणतात. दुसरे दिव्यावाले, कॉलेजची डिग्री नसलेले, अमेरिकेत १०९३ पेटंटं. आणि लिस्टर बापलेक, बाप जोसेफ जॅक्सन लिस्टर वाईनचा व्यापारी, ज्याने मायक्रोस्कोपच्या भिंगातला दोष कमी केला, मुलगा जोसेफ लिस्टर सर्जन, ज्याने १८६७ मध्ये कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा सडू न देण्याची पद्धत मांडली. आपल्या रिवाजाने मुलाचं नाव जोसेफ जोसेफ लिस्टर झालं असतं आणि कुणाचा घोटाळा झाला नसता. अशा ठिकाणी नाव सोडून द्या, जन्मसाल आणि धंदा हे दोन बघा.

एवढं सगळं करून खात्री होत नसेल तर सरळ फोन करा, मी हे सगळ्यात शेवटी केलं आणि खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. मुंबईवाल्या सावंतांनी तीन मिनिटांत सगळं सांगितलं. फक्त जे मिळेल ते सगळं छापू नका, जन्मतारीख, घरचा पत्ता हे आपल्या पडताळणीपुरतं ठेवायचं.

पुढच्या अंकासाठी आता एक फॉर्म केलाय, पूर्ण नाव, वाडी, दहावीचं वर्ष, डिग्री आणि विद्यापीठ, रजिस्ट्रेशन किंवा पेटंट नंबर. गणपतीत चाकरमानी गावाला आले तेव्हा वाटला. तिसऱ्या सावंतांच्या आईने मुलाचा फॉर्म स्वतः भरून आणून दिला, वाडीच्या रकान्यात वाडी, घराचं नाव, आणि खाली कंसात "डॉक्टर नव्हे" असं दोनदा अधोरेखित करून.