राउटर उघडायचा कसा आणि आत बघायचं काय

वापरातून गेलेला राउटर घ्या. घरातला चालू किंवा वॉरंटीतला नको. अ‍ॅडॉप्टर आणि केबली काढा. राउटरला बहुधा ९ किंवा १२ व्होल्टच मिळतात, त्यामुळे आत शॉक बसायची भीती नाही. अ‍ॅडॉप्टर मात्र उघडू नका, भिंतीतली वीज थेट तिथे येते.

आता खरं काम. ‘दोन स्क्रू काढा, झाकण निघेल’ असं सांगणाऱ्यांनी राउटर उघडलेलाच नसतो. दिसणारे स्क्रू निघाले तरी झाकण ढिम्म हलत नाही, कारण उरलेले स्क्रू रबरी पायांखाली किंवा मागच्या स्टिकरखाली असतात. स्टिकरवरून बोट फिरवा. जिथे ते खाली दबतं तिथे स्क्रू असण्याची शक्यता जास्त.

स्क्रू संपले की प्लॅस्टिकच्या खाचा उरतात. इथे बहुतेक जण स्क्रू-ड्रायव्हर खुपसतात. तसं करू नका. कडा चावल्यासारख्या दिसतात, आणि टोक आत घसरलं की बोर्डावरची तांब्याची रेघ तुटते. जुनं एटीएम कार्ड घ्या, अँटेनापासून लांबच्या बाजूने फटीत घाला आणि हळूहळू सरकवा. एक खाच सुटली की ते कार्ड तिथेच राहू द्या, पुढच्या खाचेसाठी दुसरं वापरा. नाहीतर मागची पुन्हा बसते आणि तुम्ही गोल गोल फिरत राहता. जोर लावावासा वाटला की थांबा. एखादा स्क्रू राहिलाय.

झाकण सुटलं म्हणून लगेच उचलू नका. अँटेनाच्या बारीक वायरी अनेकदा झाकणातून बोर्डाकडे जातात. आधी बोटभर फट करून आत टॉर्च मारा. वायर बोर्डाला सोल्डर केलेली असेल तर झाकण शेजारीच आडवं ठेवा. टोकाला छोटं गोल पितळी बटण असेल तर ते नखाने सरळ वर उचला; वायर ओढली की बटण हमखास तुटतं. ही बटणं फार वेळा काढघाल करण्यासाठी बनवलेलीच नाहीत.

पुढचं सोपं. पत्र्याच्या डबीखाली किंवा उष्णता शोषणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याखाली मुख्य चिप असते: प्रोसेसर, आणि पुष्कळ मॉडेलांत स्विच (केबलींमधला डेटा योग्य खोबणीकडे पाठवणारा भाग) व वायफाय रेडिओही तिच्यातच. तिच्याजवळची मोठी चौकोनी चिप रॅम. आठ पायांची चिमुकली बहुधा फ्लॅश. राउटरचं सॉफ्टवेअर आणि तुमच्या सेटिंग तिच्यात, म्हणून वीज गेली तरी पासवर्ड टिकतो. केबलीच्या खोबणींमागचे काळे ठोकळे ट्रान्सफॉर्मर असतात. केबलीतली वीज बोर्डापासून वेगळी ठेवून ते फक्त सिग्नल पुढे सोडतात.

गंमत म्हणजे, स्वस्त राउटरांत इंटरनेटची वेगळ्या रंगाची खोबण आणि बाकीच्या अनेकदा एकाच स्विचवर असतात. त्यांना वेगळं करतं ते सॉफ्टवेअर.

पॉवरच्या खोबणीजवळचे उभे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे गोल डबे) नक्की बघा. माथा फुगलेला असेल तर राउटर आपोआप रीस्टार्ट का व्हायचा याचं उत्तर बहुधा तेच.

बोर्डावर चार भोकांची किंवा पिनांची ओळ दिसली तर ती बहुतेक सीरियल कन्सोलची, म्हणजे संगणकावरून राउटरशी थेट बोलायच्या जोडणीची. संगणकाला जोडायचीच असेल तर आधी व्होल्टेज मोजा. बहुधा ते ३.३ व्होल्ट निघतं, आणि तिथे ५ व्होल्टचा सीरियल अ‍ॅडॉप्टर लावला तर मुख्य चिपच जाऊ शकते.