खाजगी कॉलेज बघायला निघताय? दुसऱ्या वर्षाच्या मुलाची फीची पावती आधी बघा

माझ्या मोठ्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला आम्ही जे करून बसलो ते भाचीच्या वेळी होऊ नये म्हणून हे लिहून राहिले. एकदा कॅप राउंड, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू झाले की विचाराला वेळच मिळत नाही, दोन-तीन दिवसांत ऑप्शन फॉर्म भरून कन्फर्म करावा लागतो आणि घरातला प्रत्येक जण वेगळं सांगत असतो. म्हणून कॉलेजांची तुलना निकालाच्या आधीच करून ठेवायची. मी नागपूरचंच लिहितेय कारण चकरा आम्ही इथेच मारल्या, पण नियम महाराष्ट्रभर हेच आहेत.

मार्कशीट, डोमिसाईल, फोटो हे सगळ्यांना माहीत आहे. नॉन-क्रिमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच सेतूत टाका, जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते.

पहिलं काम म्हणजे सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा आणि ॲडमिशन बघणाऱ्या ऑफिसच्या, साइटवरून मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ काढायच्या, सगळ्या राउंडच्या, फक्त पहिल्या राउंडची बघून घाबरू नका. त्यात जीओपनएच, एलओपनएस असं काय काय लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठी, शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आपल्याच विद्यापीठाच्या भागातल्या मुलांची जागा, आणि एस म्हणजे स्टेट लेव्हल, एवढं कळलं की पीडीएफ वाचता येते. आपल्या पर्सेंटाइलच्या थोडं वरचं, बरोबरीचं आणि खालचं असं मिळून दहा-बारा कॉलेज-ब्रँच वहीत लिहा. प्रत्येक कॉलेज-ब्रँचला एक चॉइस कोड असतो, त्याच्या शेवटी टी असेल तर ती टीएफडब्ल्यूएसची जागा, तिथे ट्युशन फी माफ असते, 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर हे कोड वर टाका. अशा जागा फक्त 5 टक्के असतात म्हणून कटऑफ फार वर जातो, तरी टाका.

आता पावतीचं. हे नीट वाचा, बाकी काही विसरलात तरी चालेल.

आम्ही कॉलेजात गेलो तेव्हा ॲडमिशन सेलच्या मॅडमने माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेवर पेनाने ट्युशन फीचा आकडा लिहिला, खाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, बाकी किरकोळ असतं. माझ्या मिस्टरांनी तिथल्या तिथे मोबाईलवर त्या आकड्याला चारने गुणलं, आम्ही एकमेकांकडे बघितलं, जमेल असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी ते कॉलेज यादीत पहिल्या नंबरवर टाकलं. पहिल्या वर्षी थोडं जास्त गेलं, वाटलं पहिलं वर्ष आहे, डिपॉझिट वगैरे असेल. दुसऱ्या वर्षी पोट्ट्याने जुलैत दोन पावत्या आणून टेबलावर ठेवल्या. एक कॉलेजची, त्यावर ट्युशन आणि डेव्हलपमेंट फी, जी आम्हाला सांगितली होती. दुसरी वेगळ्या रंगाची, त्यावर सहा ओळी: बस, प्लेसमेंट ट्रेनिंग, सॉफ्टवेअर, ॲक्टिव्हिटी, युनिफॉर्म आणि सहावी नुसती 'इतर'. बेरीज 41 हजार. बस आम्हाला नकोच होती, मुलाकडे गाडी होती, पण ती ओळ काढता येत नाही म्हणाले. अशी तीन वर्षं भरली. त्या पैशांसाठी मी माझी पाटली गहाण ठेवली, आणि हे टाळायला फक्त एका सिनियर मुलाला पावती दाखव म्हणायचं होतं.

म्हणून पावती बघा. पहिल्या वर्षाची नाही, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाची, आणि एक नाही, त्या वर्षीच्या जेवढ्या असतील तेवढ्या सगळ्या. 'तुझ्याकडे एकूण किती पावत्या आहेत' असं विचारा, 'फी किती' असं विचारलं की पोट्टे पण ट्युशन फीच सांगतात.

ही मिळते कुठे तर गेटच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर, जेवणाच्या सुट्टीत. मुलं फार चांगली असतात हो, मला या वेळी वर्धा रोडवर एका मुलीने मोबाईलमध्ये पीडीएफ उघडून दाखवली, नाव अंगठ्याने झाकलं आणि म्हणाली, काकू फोटो काढून घ्या. तिच्या पावतीवर बस ऐच्छिक होती, म्हणजे तसंही असतं, सगळीकडे सारखं नाही, आणि म्हणूनच प्रत्येक कॉलेजची वेगळी बघायची.

पावतीसोबत दुसरा कागद लावायचा तो शुल्क नियामक प्राधिकरणाचा. खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी हे प्राधिकरण दरवर्षी कॉलेजनिहाय ठरवून देतं, 2015 च्या कायद्याने, आणि ती त्यांच्या साइटवर दिसते. मंजूर ट्युशन आणि डेव्हलपमेंट एका बाजूला, पावतीवरच्या ओळी दुसऱ्या बाजूला. जे मंजूर फीत नाही ते कशाचं, सक्तीचं आहे का, हे ॲडमिशन सेलला ई-मेलने विचारा, तोंडी नाही. मंजूर फीपेक्षा जास्त घेत असतील तर प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

सवलतीबद्दल दोन गोष्टी. कॅपमधून मिळालेली सीट आणि इन्स्टिट्यूट लेव्हलची सीट, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओपनमधल्या मुलांना उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेत ट्युशन फीची निम्मी रक्कम मिळते, आणि मुलींना 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी असेल आणि उत्पन्न तेवढ्याच मर्यादेत असेल तर ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण हे सगळं कॅपमधून आलेल्यालाच. तिसऱ्या राउंडला घाबरून इन्स्टिट्यूट लेव्हलला जाऊन बसलात की चारही वर्षं पूर्ण फी. आणि खाजगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं मुलींच्या या माफीत येत नाहीत. रामदेवबाबा कॉलेज आता विद्यापीठ झालंय, सिम्बायोसिसचा कॅम्पस वाठोड्याला आहे, अशा ठिकाणी जायचं असेल तर जरूर जा, फक्त फी आणि सवलतीचं गणित त्यांच्या नियमाने करा, कॉलेजच्या नियमाने नाही. आणि मुलगी आहे, फी माफ आहे म्हणून पावती बघायची सोडू नका! माफ होते ती ट्युशन आणि परीक्षा फी, त्या दुसऱ्या पावतीवरची एकही ओळ माफ होत नाही.

दर्जाचं बघताना नॅकच्या ग्रेडवर थांबू नका. नॅक आणि एनबीए दोन्ही दर्जा तपासून मान्यता देतात, पण नॅक अख्ख्या कॉलेजला असतं, एनबीए ब्रँचला असतं. फलकावर एनबीए लिहिलेलं असतं आणि ते मेकॅनिकलचं निघतं, तुम्ही घेऊन राहिले कॉम्प्युटर. एनबीएच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकलं की कोणत्या ब्रँचला कोणत्या तारखेपर्यंत आहे ते दिसतं, तारीख वहीत लिहा. एआय, डेटा सायन्स अशा नव्या ब्रँचला नसेल तर लगेच वाईट समजू नका, दोन बॅच बाहेर पडल्याशिवाय अर्जच करता येत नाही. मात्र त्या ब्रँचचं प्लेसमेंट म्हणून जे सांगतील ते दुसऱ्या ब्रँचचं तर नाही ना ते विचारा.

जागा किती वाढल्या तेही बघा. 2024-25 पासून चांगल्या कॉलेजांना एका ब्रँचमध्ये किती जागा घ्यायच्या यावरची वरची मर्यादा एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्राच्या परिषदेने, काढली, त्यामुळे काही ठिकाणी कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. जागा वाढल्या तेव्हा लॅब आणि शिक्षक वाढले का, हे प्रत्यक्ष जाऊनच कळतं. नियम 20 मुलांमागे 1 शिक्षक असा आहे. चालू दिवसाला जा, ओपन डेला नको, आणि लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर किती मुलं बसून राहिलीत ते मोजा. मी एका ठिकाणी मोजलं तर तिघं होते, तिसरा मुलगा खिडकीत बसून वहीत उतरवून घेत होता.

प्लेसमेंटचं चौकाचौकात होर्डिंग असतं, सगळ्यात मोठं पॅकेज आणि हसणारा चेहरा. ते एका मुलाचं झालं. कॉलेजने एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, भाग घेतला असेल तर त्यांनी दिलेला डेटा त्यांच्याच साइटवर ठेवावा लागतो, ती पीडीएफ शोधा. त्यात ठरलेल्या वेळेत किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मिडियन पगार किती हे असतं. मिडियन म्हणजे सगळे पगार ओळीने लावले तर मधोमध येणारा, तोच आपल्या मुलाच्या जवळचा आकडा समजा. ती पीडीएफ सापडत नसेल तर सरळ मागा, कसे उत्तर देतात त्यावरून पण कळतं.

अंतर. के.डी.के. कॉलेज नंदनवनात, गावातच. वायसीसीई आणि प्रियदर्शिनी हिंगण्याकडे, मेट्रो लोकमान्यनगरपर्यंत जाते. पलोटी वर्धा रोडला, एस.बी. जैन काटोल रोडला. मानेवाड्याहून काटोल रोड मे महिन्याच्या उन्हात एकदा गाडीवर जाऊन बघा, भर दुपारी, परीक्षा तेव्हाच असतात. बसने जायचं तर बसची रक्कम पावतीवर किती ते बघा, हो, परत पावती.

ऑप्शन फॉर्मचं थोडक्यात. पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचं मिळालं की ते आपोआप फ्रीझ होतं, म्हणजे तीच सीट पक्की, पुढच्या राउंडला जाता येत नाही, म्हणून ज्याची पावती बघितली नाही ते कॉलेज पहिल्या नंबरवर टाकायचं नाही. शेजारी म्हणतात म्हणून नाही, मित्र तिथे चालला म्हणून नाही.

ओरिजिनल कागद कुठेही अडकवून ठेवू देऊ नका, तसा त्यांना अधिकार नाही. ठरलेल्या तारखेच्या आत ॲडमिशन रद्द केली तर जास्तीत जास्त 1000 रुपये कापून बाकी परत द्यावे लागतात. रद्द केल्याची पोच घ्या. हॉस्टेल लागणार असेल तर मेस वेगळी की एकत्र ते विचारा. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या साइटवरचा, फॉर्म वेळेत भरा, बँक खातं आधारला जोडलेलं ठेवा.

बाकी आठवलं तर सांगीन. उद्या भाचीला घेऊन हिंगण्याला जायचंय, एकच्या आत पोहोचायचं आहे, सुट्टी संपली की टपरीवर कोणी राहत नाही. तिच्या वहीत मी प्रत्येक कॉलेजपुढे एक रकाना आखून दिलाय, 'पावत्या किती', आणि अजून चार रिकामे आहेत.